टिंब-रेघांची अठ्ठेचाळीस तासांची शर्यत

नोव्हेंबर महिन्याचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार. शनिवारची पहाट, साडेपाचची वेळ. घरातील सारे गाढ झोपेत आहेत. एका कोपऱ्यात मात्र कोणीतरी कानांना हेडफोन लावून मोर्सची कळ दाबत बसले आहे. घड्याळात साडेपाच वाजले, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेनुसार मध्यरात्र झाली, आणि जगभरच्या हजारो हौशी रेडिओचालकांची ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही मोर्स स्पर्धा सुरू झाली! ती सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत चालेल.

या स्पर्धेत करायचे काय? जास्तीत जास्त देशांतील केंद्रांशी संपर्क साधायचा. संपर्क अगदी त्रोटक असतो. एकमेकांची संकेतनावे, संदेश कसा ऐकू येतो याचा ५९९ हा आकडा आणि आपल्या विभागाचा क्रमांक, एवढीच देवघेव. जगाचे ४० विभाग पाडले आहेत. महाराष्ट्र २२ व्या विभागात येतो.

येथे प्रत्येक क्षण मोलाचा! मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने एक टिंब सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतके असते. रेघ तीन टिंबांएवढी. एका अक्षरातील खुणांमधली जागा एका टिंबाएवढी. आता ९ हा अंक पाहा : चार रेघा, एक टिंब. जागा धरून झाली १७ टिंबांची लांबी. म्हणून स्पर्धक ९ ऐवजी ‘एन’ हे अक्षर पाठवतात : एक रेघ, एक टिंब, लांबी अवघी ५. दोन नवांमागे २४ टिंबे, म्हणजे जवळजवळ एक सेकंद वाचला. हजार संपर्कांत सोळा मिनिटे!

क्षीण संदेश पोचतो कसा?

दोन खांबांमध्ये ताणलेली दहा मीटर तार आणि १०० वॉट शक्तीचा प्रक्षेपक एवढ्यावर युरोप गाठता येतो. बोलण्याचा आवाज पाठवायला सुमारे २,५०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. मोर्सला २५० हर्ट्झ पुरतात. आकाशातील खरखर सगळीकडे पसरलेली असते. पट्टा दहापट अरुंद केला की खरखरही दहावा भागच आत शिरते आणि क्षीण संदेश तिच्यातून वर डोके काढतो. म्हणूनच बोललेले ऐकू येत नाही, तेथे टिंब-रेघ ऐकू येते.

या लहरींना पृथ्वीकडे वळवून पाठवते ते वातावरणातील आयनांबर. त्याचा सर्वांत खालचा थर दिवसा ४० मीटर तरंगलांबीच्या लहरी बऱ्याच अंशी शोषून घेतो. रात्री तो विरतो, आणि या लहरी दूर जाऊ लागतात. दिवसा उपयोगी पडतात त्या १५ व १० मीटरच्या लहरी. म्हणून स्पर्धक पहाटेच्या अंधारात ४० मीटरवर युरोप शोधतो, ऊन चढल्यावर १५ मीटरवर जपानकडे वळतो आणि दुपारनंतर पुन्हा युरोपकडे. त्याचे वेळापत्रक सूर्य ठरवतो.

घाई की अचूकपणा?

दुसऱ्या खंडातील संपर्काला ३ गुण मिळतात, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला १. एकूण गुणांना प्रत्येक पट्ट्यावर मिळालेल्या देशांच्या व विभागांच्या बेरजेने गुणायचे. समजा, ६०० गुण आणि बेरीज ७० झाली, म्हणजे ४२,०००. युरोपातील ओळखीच्या देशाचा आणखी एक संपर्क झाला तर २१० ची भर. पण तो देश त्या पट्ट्यावर नवा असेल तर ६०३ गुणिले ७१, म्हणजे ८१३ ची भर! तेव्हा ठणठणीत ऐकू येणाऱ्यांमागे धावायचे, की खरखरीत बुडालेल्या एका नव्या देशासाठी दहा मिनिटे कान द्यायचा? खरी परीक्षा येथेच आहे.

ऐकण्यात एक टिंब जरी चुकले तरी संकेतनाव बदलते. नंतर सर्वांच्या नोंदवह्या संगणकावर ताडून पाहतात. चुकीची नोंद आढळली की तो संपर्क रद्द होतो आणि वर दंड म्हणून आणखी गुण जातात. शंका आली तर पुन्हा विचारावे, हेच शहाणपण.

भाग घ्यायचा तर सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. पण कान आजच तयार करता येतील. मित्राला बाकावर पेन्सिलीने टकटक करायला सांगा : लवकर दुसरी टकटक आली तर टिंब, थांबून आली तर रेघ. डोळे मिटून त्याचे नाव लिहून पाहा. मग वर्गात गोंगाट चालू असताना तेच करा. पहाटे साडेपाचला हेडफोन लावून बसलेला माणूस काय करतो, ते तेव्हा तुमच्या ध्यानात येईल.