भुताचा देव, देवाची बढती

आज चिनी पाताळातल्या मंग-फो आजीबाईच्या विस्मरणाच्या काढ्यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या भुकेल्या भुतांवरचा लेख वाचून सांगलीच्या एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न मनातून जाईना. अपघाती, अवेळी मेलेला माणूस भूत होतो, तर मग शिरच्छेद झालेला क्वान यू देव कसा झाला, असं त्यांनी विचारलं आहे.

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. शू राज्याचा हा सेनापती २१९-२०च्या हिवाळ्यात शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. मस्तक पुरलं लोयांगला, धड तांगयांगला. म्हणजे भूत व्हायला लागतं ते सगळं होतं. 'तीन राज्यांची कथा' या कादंबरीत त्याचा आत्मा रात्री डोंगरावर येऊन आपलं मस्तक मागत फिरतो, तो याच समजुतीतून. तांगयांगजवळच्या यूछ्वान डोंगरावरच्या बौद्ध मठाने मात्र पुढे सांगितलं, की या आत्म्याने दीक्षा घेतली आणि तो मठाचा राखणदार झाला.

चिनी श्रद्धेत भूत आणि देव यांच्यामध्ये पक्की भिंत नाही. अकाली मेलेल्याच्या अंगी न वापरलेलं बळ उरतं. लोक आधी भीतीपोटी त्याला नैवेद्य दाखवतात. मग कुणाचा ताप उतरतो, कुठे वेळेवर पाऊस पडतो. आपण ज्याला जागृत स्थान म्हणतो, तसा त्या जागेचा लौकिक होतो. प्रचिती येत राहिली तर देव, थांबली तर देऊळ ओस पडतं.

माझ्या मते खरी गंमत यापुढे आहे. सुंग राजवटीत प्रचितीची सरकारी चौकशी व्हायची! गावकरी तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करत: आमच्या देवाने अमुक साली पूर थांबवला, त्याला किताब द्या. मग शेजारच्या जिल्ह्यातला अधिकारी येऊन साक्षी घेई. त्यावर विसंबून न राहता तिसऱ्याच ठिकाणचा अधिकारी फेरतपासणी करी. कागद राजधानीत पोचून मंजूर झाले, की आधी देवळाला बादशहाने दिलेल्या नावाची पाटी मिळे, नंतर देवाला सरदारकी. बढतीची पायरीही ठरलेली: पुरुषदेव सरदार, मग ड्यूक, मग राजा. स्त्रीदेवता आधी 'श्रीमती', मग 'राणी'. प्रत्येक नव्या चमत्कारागणिक किताबात दोन अक्षरांची भर पडे.

माझू या समुद्रदेवतेची वाटचाल पाहा. फूच्येन किनाऱ्याजवळच्या मेईचौ बेटावरची लिन कुळातली ही मुलगी. परंपरेनुसार जन्म ९६०चा, मृत्यू ९८७चा, तोही अविवाहित. लग्नाविना मेलेल्या मुलीला माहेरच्या पितरांच्या देव्हाऱ्यात जागा नसते आणि सासर तर नाहीच. तिच्यासारख्या कितीतरी जणी विस्मरणात गेल्या. पण ११२३ साली कोरियाला निघालेली बादशहाच्या वकिलातीची जहाजं वादळात सापडली आणि तिने तारलं, असं खलाशांनी सांगितलं. तिच्या देवळाला पाटी मिळाली. ११५६ मध्ये ती 'श्रीमती' झाली, त्याच शतकाच्या अखेरीस 'राणी', कुब्लाई खानाच्या काळात 'स्वर्गराणी' आणि छिंग काळात 'स्वर्गसम्राज्ञी'. कोणाची राणी, हे कुणी विचारलं नाही. हुद्दा तेवढा महत्त्वाचा.

आणि हुद्दा दिला तसा काढूनही घेता येई. मिंग राजवटीचा संस्थापक हुंगवू याने १३७० मध्ये डोंगर, नद्या आणि नगरदेवतांचे किताब रद्दच केले. स्वर्गाचा पुत्र म्हणवणाऱ्या बादशहाचा हुकूम अदृश्य जगातही चालावा, याबद्दल तिथे फारसा कुणाला संशय नव्हता. सगळ्या चिनी देवविचारात मला हेच सर्वात विलक्षण वाटतं.

आता पुन्हा क्वान यूकडे. त्याला सुंग बादशहा ह्वेईत्सुंगने ११०२ मध्ये ड्यूक केलं आणि काही वर्षांतच राजा. १६१४ मध्ये मिंग बादशहाने त्याला थेट सम्राटपद बहाल केलं. मृत्यूच्या वेळी तो एका हरलेल्या लढाईतला सेनापती होता. त्याला भेटायला चीनला जायलाच हवं असं नाही. मुंबईत माझगावला चिनी लोकांनी १९१९ मध्ये उभारलेलं सी यूप कून हे छोटं दुमजली मंदिर आहे, त्यात वरच्या मजल्यावर तो आहे. सांगलीच्या वाचकांनी मुंबईला आल्यावर जरूर जावं.