परळीचं पाणी आणि मळीचा गॅस

बीड जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्रातले संच २०१३ साली बंद ठेवावे लागले ते कोळशावाचून नव्हे, पाण्यावाचून. २०१५ मध्ये पुन्हा तेच. वाफेवर वीज करायची तर पाणी लागतंच, आणि गोदावरी आटली की खडका बंधाऱ्यात ते उरत नाही.

फ्युएल सेलला बॉयलर लागत नाही. इंधन आणि हवेतला प्राणवायू यांची गाठ रासायनिक क्रियेतून पडते आणि थेट वीज निघते. विल्यम ग्रोव्हने १८३९ मध्ये हे दाखवलं होतं. मग बीडमध्ये हे का नको, असा प्रश्न येतोच. पण त्याआधी विचारायला हवं : इंधन कोणतं, आणि सेल किती गरम?

२१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन बस लोकांसमोर आली. त्याआधी २०२० मध्ये त्यांनी मोटारीवर चाचणी घेतलेला सेल ६५ ते ७५ अंशांवर चालणारा होता. वाहनाला तो सोयीचा, कारण लवकर सुरू होतो. पण एवढ्या कमी उष्णतेत काम करायला प्लॅटिनम लागतं, आणि त्या प्लॅटिनमचे नखरे फार. हायड्रोजनमध्ये दहा लाखांत दहा भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी ते मलूल होतं. शुद्ध हायड्रोजन पाण्यापासून करावा, तर किलोमागे निदान नऊ लिटर शुद्ध पाणी आलं. सेल ते परत देतो खरा, पण बसच्या नळीतून, रस्त्यावर!

तापलेल्या सेलचा कारभार वेगळा. वितळलेल्या कार्बोनेटचा सेल सुमारे ६५० अंशांवर चालतो, सिरॅमिकचा त्याहून वर, हजारापर्यंत. इथे प्लॅटिनमऐवजी निकेल भागवतं. मिथेन सेलमध्येच वाफेबरोबर फुटतो, आणि बसच्या सेलला बाधणारा कार्बन मोनॉक्साइड इथे इंधन म्हणून खपतो. कॅलिफोर्नियात टुलारे शहराच्या सांडपाणी प्रकल्पात असे कार्बोनेट सेल बायोगॅसवर चालवले गेले आहेत.

बायोगॅस म्हटलं की ऊसपट्ट्यात आसवनीच आठवते. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा स्पेंट वॉश डायजेस्टरमध्ये कुजवला की साधारण साठ टक्के मिथेनचा गॅस मिळतो. बहुतेक ठिकाणी तो बॉयलरखाली जातो. अडचण आहे ती त्यातल्या हायड्रोजन सल्फाइडची. नासक्या अंड्याचा तो वास डायजेस्टरजवळ उभं राहिलेल्याला वेगळा सांगावा लागत नाही. गंधक निकेलला चिकटलं की सेल संपला. म्हणून आधी गॅस धुवून घ्यायचा, मग राहिलेला अंश कार्बनच्या गाळणीत अडवायचा. हा खर्च टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट हंगामाची. दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते निघतात, उन्हाळ्यात गाळप संपतं. गरम सेलला असं चालू-बंद मानवत नाही. तापायला तास न् तास लागतात आणि वारंवार थंड-गरम झालं की सिरॅमिक तडकतं. त्यामुळे तो नुसत्या साखर कारखान्याला जोडण्यात अर्थ नाही. साठवलेल्या मळीवर गाळपानंतरही चालणारी आसवनीच त्याला योग्य.

सेल आजही महाग आहेत, त्यांचं आयुष्यही मर्यादित आहे. तरी बीडमध्ये पैसा घालायचाच असेल, तर हायड्रोजन पंपाआधी एखाद्या आसवनीत गरम सेलचा छोटा प्रयोग व्हावा.