शिंकेआधी पाय का आवळतात?

शिंक आली, की लघवी निसटू नये म्हणून पन्नाशीतल्या कितीतरी बायका आधी पाय आवळतात. दोष ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत ताणलेल्या स्नायूंच्या झोळीचा. मूत्राशय, गर्भाशय तिच्यावरच पेललेले. बाळंतपणात ती ताणते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि मूत्रमार्गाचं अस्तरही पातळ होतं.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये यावर व्यायाम मांडला. वारा रोखावा तसं आत-वर आवळायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सोडायचं. (सोडायचंच बऱ्याच जणी विसरतात.) आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास मात्र चालू ठेवायचा.

बद्धकोष्ठ असेल तर आधी ते हटवावं. रोजच्या कुंथण्याने हेच स्नायू सैल पडतात.

अंग बाहेर आल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना दाखवावं. शस्त्रक्रियेशिवाय आधाराची सिलिकॉन रिंगही बसवता येते.