अर्धपोटी सराव आणि थांबलेली पाळी

भरतीचं ग्राउंड कुणाची तारीख बघून लागत नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं, शिवाय गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी चाचणी द्यावी लागते. तिच्या तयारीसाठी अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर-कर्जतपासून शेवगाव-पाथर्डीपर्यंत मुली पहाटेच रस्त्यावर पळताना दिसतात. श्रीगोंद्याकडे मुलींची कुस्तीही चांगली रुजली आहे. तिथल्या भाग्यश्री फंडने २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरीचा किताब जिंकला.

मुली मैदानात उतरल्या, पण त्यांच्या पाळीबद्दल अजून दोनच समजुती कानावर पडतात. घरी आजी म्हणते, "एवढं पळून पोटातलं बिघडवून घेशील गं." ग्राउंडवर मैत्रीण म्हणते, "पाळी चुकली ना? मग प्रॅक्टिस बरोबर चाललीय." दोघींचंही चुकतं. त्यातही मैत्रिणीचं ऐकणं जास्त महागात पडतं.

दोष पळण्याचा की ताटाचा?

आजीच्या समजुतीला एकेकाळी शास्त्राचाही आधार असल्यासारखं वाटत होतं. अमेरिकेतल्या रोझ फ्रिश यांनी १९८१ मध्ये कॉलेजातल्या धावपटू आणि जलतरणपटू मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली पाळी येण्याआधी जिने सराव सुरू केला होता, तिची पाळी सरावाच्या दर वर्षामागे सुमारे पाच महिने लांबलेली आढळली. शरीरातली चरबी एका मर्यादेखाली गेली की पाळी अडते, असं फ्रिश यांचं म्हणणं होतं.

पुढे संशोधक अ‍ॅन लाउक्स यांनी नेमका प्रश्न विचारला: पाळी बिघडते ती व्यायामाच्या ताणाने, की व्यायामात जळालेलं भरून न काढल्याने? १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचं उत्तर स्पष्ट होतं. व्यायाम करूनही ज्यांना पुरेसं खायला मिळालं, त्यांच्या संप्रेरकांची लय टिकली. ज्यांचं खाणं तोकडं पडलं, त्यांची बिघडली.

मेंदूच्या तळाशी असलेलं हायपोथॅलॅमस हे केंद्र ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडतं. त्या इशाऱ्यावर पिट्युटरी ग्रंथी बीजकोशांना कामाला लावते. ऊर्जा कमी पडू लागली की हे इशारे विरळ होतात, बीज पक्व होत नाही, इस्ट्रोजेन घटतं आणि पाळी लांबते किंवा थांबते. दुष्काळी साली घरात लग्न पुढे ढकलतात पण चूल पेटती ठेवतात, तसंच शरीर वागतं: हृदय आणि मेंदू आधी, गर्भधारणेची तयारी नंतर.

पन्नास किलोंचा हिशेब

समजा, मुलीचं वजन ५० किलो आहे. त्यातली २० टक्के, म्हणजे १० किलो चरबी वजा केली तर ४० किलो उरतात. सरावात जळालेल्या कॅलरी बाजूला काढून, बाकीच्या कामांसाठी या ४० किलोंच्या वाट्याला काय येतं ते बघायचं. दर किलोला दिवसाला ४५ कॅलरी, म्हणजे एकूण १८०० उरल्या तर उत्तम. ३० च्या खाली, म्हणजे १२०० पेक्षा कमी उरल्या तर अनेकींच्या संप्रेरकांची लय ढळते. ही काही सगळ्यांना सारखी लागू पडणारी लक्ष्मणरेषा नव्हे, पण अंदाज घ्यायला पुरेशी आहे.

आता एखादीचा दिवस बघा. पहाटे रिकाम्या पोटी पळणं, आल्यावर चहा, दुपारी डब्यात दोन चपात्या आणि भाजी, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड, रात्री दमून एखादी भाकरी. खाल्ल्या १५००, सरावात गेल्या ५००, उरल्या १०००. म्हणजे किलोला २५. तिला कुणीही उपाशी ठेवलेलं नाही, आणि तरी तिचं शरीर उपाशी आहे.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र विकार म्हणून नाव दिलं. ती मुलांमध्येही होते. मुलींमध्ये पाळीमुळे ती लवकर कळते, एवढंच. झळ हाडांनाही बसते. हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आसपास जमा होते आणि तिला इस्ट्रोजेन लागतं. ज्या वयात भरतीची तयारी चालते, त्याच वयात पाळी महिनोन्महिने बंद राहिली तर नडगीला किंवा पायाच्या हाडाला बारीक तडे जाऊ लागतात. खाणं सुधारल्यावर पाळी काही महिन्यांत परतू शकते. हाडांचं नुकसान मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही.

कुस्तीत याला वजनगटाची जोड मिळते. ७ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅमने जास्त भरली आणि अंतिम लढतीतून बाद झाली. पाळीच्या आधी अनेकींच्या अंगात पाणी साठतं, काटा थोडा वर जातो. त्यामुळे वजन उतरवण्याचं वेळापत्रक आखताना पाळीची तारीख धरायलाच हवी. पॅरिसमध्ये त्याच ७ ऑगस्टला वेटलिफ्टर मीराबाई चानूने १९९ किलो उचलले आणि एका किलोने तिचं कांस्यपदक हुकलं. पाळीचा तिसरा दिवस होता, असं तिने मोकळेपणाने सांगितलं.

म्हणून पाळीत पळूच नये का? तसं नाही. कामगिरीवर होणारा परिणाम सरासरीने अगदी थोडा असतो, पण कुणाला काहीच जाणवत नाही आणि कुणी आडवी होते. नियमित व्यायामाने बऱ्याच जणींच्या पोटदुखीला उतारच पडतो.

काय करावं

सरावाआधी केळं किंवा दोन खजूर, आणि सरावानंतर लगेच मूठभर शेंगदाणे-गूळ. ३० ग्रॅम शेंगदाणे आणि २० ग्रॅम गूळ यांतून सुमारे अडीचशे कॅलरी मिळतात. लोहाचंही बघायला हवं: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. बाजरी आणि मटकीवर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या पाकिटातून घेऊ नयेत. या गोळ्यांनी रक्तात गुठळ्या होण्याचा धोका कुणाला आहे, ते डॉक्टरच ठरवू शकतात. पाळी 'सुरू करायच्या' गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळची तूट तशीच राहते.

पंधरा पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने चुकली असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. गर्भधारणा, थायरॉइड, पीसीओएस ही कारणंही तपासावी लागतात. सरकारी रुग्णालयांतली 'मैत्री' क्लिनिकं किशोरवयीनांसाठीच आहेत.

मुली गप्प बसतात, कारण बहुतेक ठिकाणी शिकवणारे पुरुष असतात आणि "सरांना कसं सांगायचं?" हा प्रश्न सुटत नाही. त्यावर तोडगा साधा आहे. अकादमीत एका ताईकडे वही द्यावी, मुलींनी तारखा तिला कळवाव्यात आणि दोन तारखा हुकल्या की सरावाआधी खाण्याची चौकशी व्हावी. ८०० मीटरची वेळ सेकंदांत मोजणाऱ्या अकादमीला महिन्याची एक तारीख टिपून ठेवणं अवघड नाही.