मागच्या चाकांना डिस्क ब्रेक... पण हँडब्रेकसकट!

चिखल-पाण्यातून गाडी घालणाऱ्यांना मागचे ड्रम ब्रेक दगा देतात. भंगारातल्या सुट्या भागांतून ते बदलता येतात. काटकसर मात्र कुठे करायची आणि कुठे नाही, हे आधी ठरवायला हवं.

ओढ्यातून जीप पार झाली की पहिलं काम काय? जुने ड्रायव्हर सांगतात, चालत्या गाडीतच दोन-चार वेळा ब्रेक हलकेच दाबून बघा. कारण इंजिन झकास चालू असतं, चाकं फिरत असतात, पण ब्रेक नावालाच उरलेले असतात. पेडल पार खाली दाबलं तरी गाडी आपली पुढेच निघालेली!

हा दोष ड्रमचा. ड्रम ब्रेक म्हणजे लोखंडी डबा आणि त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू. पेडल दाबलं की शू फाकतात, डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात आणि चाक थांबतं. डबा जवळपास बंदच. एकदा पाणी शिरलं की ते ड्रम आणि लायनर यांच्यामध्ये अडकून बसतं. चिखलाची तऱ्हा त्याहून वाईट. तो आतच वाळतो आणि पॉलिशपेपरसारखा लायनर खात राहतो. डिस्क ब्रेकची तबकडी उघडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. चाकाच्या काही फेऱ्यांतच पाणी झटकलं आणि पुसलं जातं.

अमेरिकेत खडकांवरून, चिखलातून गाड्या घालायची हौस असलेले लोक म्हणूनच मागचे ड्रम काढून तिथे डिस्क बसवतात. बाजारात तयार किट मिळतात, पण खिशाला चाट बसते. मग ज्यांना हातात पाना धरता येतो त्यांनी भंगाराचा रस्ता शोधला. तिकडे अशी भंगार-आवारं आहेत, जिथे आपली हत्यारं आपणच न्यायची, हवा तो भाग मोडक्या गाडीतून स्वतः खोलायचा आणि ठरलेला भाव देऊन घरी आणायचा.

या मंडळींची सगळ्यात नीटनेटकी युक्ती आहे जीप चेरोकीची. ही चौकोनी गाडी अमेरिकेत १९८४ ते २००१ या मॉडेल-वर्षांत निघाली आणि तिच्या मागच्या चाकांना शेवटपर्यंत ड्रमच राहिले. तिची थोरली बहीण ग्रँड चेरोकी १९९३च्या मॉडेल-वर्षापासून आली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापासून तिला मागेही डिस्क मिळाल्या. दोघींचा चाकाच्या बोल्टांचा हिशेब एकच, साडेचार इंच वर्तुळावर पाच बोल्ट. मागच्या ॲक्सललाही बरंच साम्य. थोरलीचे ब्रेक धाकटीला बसतात, ते त्यामुळेच.

काम कसं चालतं? मागच्या डिफरन्शियलचं झाकण उघडायचं, तेल काढायचं, आतली छोटी क्लिप सोडवून दोन्ही शाफ्ट बाहेर ओढायचे. मग ड्रमची पाठीमागची प्लेट निघते. तिच्या जागी ग्रँड चेरोकीची ब्रॅकेट चार बोल्टांनी बसते. ॲक्सल जर क्रायस्लरचा सव्वाआठ इंची असेल, तर ब्रॅकेटचं मधलं भोक जरासं मोठं करावं लागतं. कॅलिपर तबकडीवर बरोबर मध्यभागी यावा म्हणून कधी पातळ वॉशरही घालावे लागतात. शाफ्ट बाहेर काढलेच आहेत, तर तेलाचे सील आताच बदलून घ्यावेत. जुन्या सीलमधून गळणारं तेल नव्या पॅडवर आलं तर सगळ्या उठाठेवीवर पाणी!

भंगारातून आणायच्या त्या ब्रॅकेट आणि हँडब्रेकची केबल. तबकड्या, पॅड आणि रबरी होज नवेच हवेत. कॅलिपर दुरुस्त करून विकलेले मिळतात आणि जुने परत दिले की अनामत रक्कमही परत मिळते. लोखंड जुनं चालतं, घासणारं आणि रबराचं मात्र काही जुनं चालत नाही.

दुसरी एक युक्ती याहून स्वस्त आहे. जनरल मोटर्सच्या वजनदार पिकअपना मागचा जाडजूड ॲक्सल असतो, त्याला चौदा बोल्टांचा म्हणून ओळखतात. त्याच कंपनीच्या जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर आणि तबकड्या साध्या ब्रॅकेट वापरून या ॲक्सलवर चढवतात. भाग मुबलक, भाव कमी. पण पुढच्या चाकाच्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय असणार कुठून?

खरी मेख इथेच आहे. ड्रममध्ये केबल ओढली की तेच शू फाकतात आणि गाडी चढावर खिळून राहते. साधा कॅलिपर फक्त ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. मग काहीजण हँडब्रेकवाले कॅडिलॅक एल्डोराडोचे कॅलिपर शोधतात. त्यांची खोड अशी, की हँडब्रेक नेमाने ओढत राहिलं तरच ते आपोआप ॲडजस्ट होतात, नाही तर ढिले पडतात. काहीजण तर हँडब्रेकच सोडून देतात आणि गिअरमध्ये गाडी उभी करतात. गाडीत बायकापोरं बसणार असतील तर हा विचारही मनात आणू नये. ग्रँड चेरोकीची व्यवस्था सरस ठरते ती यासाठीच. तिच्या तबकडीच्या मधल्या टोपीत एक छोटा ड्रम लपलेला आहे आणि हँडब्रेक त्याच्यावरच चालतो.

लोखंडकाम संपलं म्हणजे काम संपलं, असं नाही. ड्रमच्या पाइपलाइनमध्ये काही गाड्यांत एक छोटा व्हॉल्व्ह थोडा दाब कायम धरून ठेवतो. डिस्कला तो दाब नको असतो. व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड घासत राहतात आणि तबकडी तापते. कॅलिपरला ऑइलही जास्त लागतं, त्यामुळे पेडल खोल जातं आणि कधी मोठा मास्टर सिलिंडर घ्यावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचा पुढच्या-मागच्या ब्रेकचा समतोल. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गरकन फिरते. म्हणून चेरोकीवाले व्हॉल्व्हचे आतले भागही ग्रँड चेरोकीतूनच घेतात.

आणखी एक बारीक गोष्ट. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर एअर काढायचा निपल खाली येतो. हवा तर वरच अडकणार! मग दिवसभर पेडल मारत बसा, ब्रेक स्पंजासारखाच लागणार. शेवटी गाडी जॅकवर घेऊन ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळू द्यायचा आणि होज ताणला जात नाही ना, हे पाहायचं. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू वेगात, पोरांना घरी ठेवून.

एवढं करून गाडी निम्म्या अंतरात थांबेल का? छे! ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. फायदा मिळतो तो पाण्या-चिखलानंतर आणि लांबलचक उतारावर. पॅडही चटकन बदलता येतात. उलट रेताड चिखलात उघडे पॅड लवकर झिजू शकतात, हेही खरं. आपली जिप्सी पुढे डिस्क आणि मागे ड्रम घेऊनच डोंगर चढली. २०१० आणि २०२० मध्ये आलेल्या थारच्या मागच्या चाकांतही ड्रमच होते.

आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल मालकाला करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. तेव्हा मायापुरीच्या किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. शिवाय चेरोकीसारखी जुळी बहीण आपल्या गाडीला नसेल, तर ब्रॅकेट कुठल्या तरी लेथवर बनवून घ्यावी लागणार. पत्र्याच्या जाडीवर आणि वेल्डिंगवर अख्ख्या कुटुंबाचा जीव सोपवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर, नाही.

ड्रमच ठेवणार असाल तर चिखलातून आल्यावर ते उघडून धुवा, लायनर पाहा, ॲडजस्टर नीट फिरतो का ते बघा. आतली धूळ मात्र तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानेच पुसून काढा.