चिखलातले सुवर्णपदक

पाऊस आला की क्रिकेटचा सामना थांबतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मैदानावर ताडपत्री पडते, खेळाडू आत जाऊन चहा घेतात आणि प्रेक्षक आभाळाकडे डोळे लावून बसतात. पण एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना भर पावसात, घोटाभर चिखलात खेळवला गेला. तोही कसला? तर छपराखाली, गुळगुळीत लाकडी जमिनीवर खेळण्यासाठी ज्याचा जन्म झाला, त्या बास्केटबॉलचा! आणि स्पर्धा तरी कुठली? साक्षात ऑलिंपिक. वर्ष १९३६, गाव बर्लिन.

त्या दिवशी पावसात भिजणाऱ्यांत चौऱ्याहत्तर वर्षांचे एक चष्मेवाले गृहस्थ होते. हा खेळ त्यांनीच शोधून काढला होता. त्यांचे नाव डॉ. जेम्स नायस्मिथ. ही हकीकत त्या सामन्याची आहे, आणि त्याहून अधिक या गृहस्थांची आहे.

पीचच्या दोन टोपल्या

नायस्मिथ यांचा जन्म १८६१ सालचा, कॅनडातल्या आल्मॉन्ट गावचा. वयाच्या नवव्या वर्षी विषमज्वराने आई-वडील दोघेही गेले. नातेवाइकांच्या घरी राहून, शेतावर आणि जंगलात राबून हा मुलगा वाढला. पुढे धर्मशास्त्र शिकला. पण उपदेशापेक्षा मैदानावर माणूस अधिक घडतो असे त्याच्या मनाने घेतले, आणि तो अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत शिक्षक झाला.

१८९१ चा हिवाळा. बाहेर बर्फ पडलेले, फुटबॉल बंद. व्यायामशाळेत रोज तीच ती कवायत करून अठरा तरुण विद्यार्थी कंटाळून गेलेले. आधीच्या शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले होते. वरिष्ठ डॉ. गुलिक यांनी नायस्मिथना चौदा दिवसांची मुदत दिली. बंद जागेत खेळता येईल, मुले त्यात रमतील आणि कोणाचे हातपाय मोडणार नाहीत, असा काही खेळ शोधा!

नायस्मिथनी आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. परिणाम ठरलेलाच, धक्काबुक्की आणि दुखापती. तेव्हा त्यांनी उलट बाजूने विचार केला. धसमुसळेपणा होतो कशाने? चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवावे लागते म्हणून. मग चेंडू घेऊन धावायचेच नाही! आणि गोलात चेंडू जोराने का मारतात? गोल समोर उभा असतो म्हणून. मग तो डोक्याच्या वर आडवा ठेवला तर? जोर लावून उपयोग नाही, चेंडू हलक्या हाताने, कमानीसारखा टाकावा लागेल.

शाळेच्या शिपायाकडे त्यांनी दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठड्याची उंची दहा फूट भरली, म्हणून टोपलीची उंची दहा फूट ठरली आणि आजही ती तेवढीच आहे. तेरा नियम कागदावर उतरले आणि फळ्यावर टांगले गेले. नऊ-नऊ जणांच्या पहिल्या सामन्यात एकच गोल झाला. टोपलीला बूड असल्याने चेंडू काढायला प्रत्येक वेळी वर चढावे लागे. एका विद्यार्थ्याने या खेळाला ‘नायस्मिथ बॉल’ म्हणावे असे सुचवले. नायस्मिथ हसून म्हणाले की, या नावाने कुठलाही खेळ मरून जाईल. मग नाव पडले बास्केटबॉल.

वाय.एम.सी.ए.च्या माणसांबरोबर हा खेळ देशोदेशी गेला. फिलिपाइन्सला गेला, चीन-जपानला गेला, आपल्याकडेही आला. मद्रासला १९२० साली सुरू झालेल्या वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा त्यात मोठा वाटा आहे. मुंबईत नागपाडा म्हटले की जाणकारांना बास्केटबॉलच आठवतो, त्याचेही मूळ अखेर त्या दोन टोपल्यांतच.

एक-एक सेंटचे भाडे

खेळ जगभर गेला, पण शोधणाऱ्याच्या पदरात काय पडले? पैशाच्या दृष्टीने काही नाही. खेळाचे हक्क विकण्याचा विचारही नायस्मिथनी केला नाही. ते वैद्यकी शिकले, कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक झाले आणि साधेपणाने संसार करीत राहिले. गंमत अशी की, त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरलेले एकटे नायस्मिथच! जिंकणे-हरणे त्यांना फारसे महत्त्वाचे वाटतच नसे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच पदकाच्या खेळाचा मान मिळाला. ते पाहायला नायस्मिथनी जावे असे सर्वांना वाटले, पण भाड्याचे पैसे कोणी द्यावेत? तेव्हा अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या संघटनेने युक्ती काढली. देशभरच्या सामन्यांच्या तिकिटांमागे एक-एक सेंट बाजूला काढायचा. थेंबे थेंबे तळे साचले आणि म्हातारबुवा बोटीत बसले.

बर्लिनला पोचल्यावर आणखी एक मौज झाली. ज्यांच्या खेळाची स्पर्धा, त्यांच्यासाठीच प्रवेशपत्र ठेवलेले नव्हते म्हणे! लग्नाच्या मांडवात वधूपित्यालाच दारावर अडवावे, तशातली गत. पुढे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने ही चूक सव्याज भरून काढली. ७ ऑगस्ट रोजी एकवीस देशांचे संघ आपापले ध्वज घेऊन डॉ. नायस्मिथांपुढून संचलन करीत गेले. एस्टोनिया आणि फ्रान्स यांच्या पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांनीच उडवला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी अठरा कंटाळलेल्या मुलांसाठी काढलेला खेळ, आणि आता समोर एकवीस देश! त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल, हे ज्याने स्वतःच्या हाताने लावलेले रोप मोहरलेले पाहिले आहे त्यालाच कळेल.

खेळाबाहेरचे खेळ

पण बर्लिनच्या त्या मांडवावर काळी सावलीही होती. हिटलरच्या जर्मनीत ज्यूंचा छळ चालू होता. लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ त्या हंगामात अजिंक्य होता, तरीही त्याने बर्लिनला जाण्यासाठीच्या निवड स्पर्धेत उतरायचे नाकारले. उलट सॅम बाल्टर हा ज्यू खेळाडू मनाशी पुष्कळ झगडून अखेर अमेरिकेच्या संघातून गेला. दोघांपैकी बरोबर कोण? वाचकांनीच ठरवावे. प्रश्न सोपा नाही.

जपानच्या संघात तीन खेळाडू कोरियाचे होते. देश पारतंत्र्यात, म्हणून छातीवर दुसऱ्याचे चिन्ह! आपल्याला हे दुःख समजावून सांगायला नको. त्याच ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांचा हॉकी संघही ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानचा म्हणूनच उतरला होता. स्पेनमध्ये यादवी पेटल्याने त्यांचा संघ खेळलाच नाही. फुटबॉलमधल्या एका वादापायी पेरूचे सारे पथक रागावून परत गेले, त्यामुळे पोलंडचा बास्केटबॉल संघ न खेळताच उपान्त्य फेरीत जाऊन बसला.

उंचीवरूनही तंटा झाला. एक मीटर नव्वद सेंटिमीटरहून, म्हणजे सुमारे सव्वासहा फुटांहून उंच खेळाडूंना बंदी करावी असे घाटत होते. अमेरिकेने हरकत घेतली, कारण त्यांचा जो फोर्टनबेरी सहा फूट आठ इंच होता! बंदी मागे घेतली गेली. मात्र एका सामन्यात सातच खेळाडू असा नियम होता. अमेरिकेचे चौदा खेळाडू आले होते. बहुतेक जण हॉलीवूडच्या एका चित्रपट कंपनीच्या आणि कॅन्ससमधल्या एका तेल कारखान्याच्या संघातले. त्यांचे दोन गट पाडून ते आळीपाळीने खेळले.

हळहळ वाटावी ती फिलिपाइन्सबद्दल. या आशियाई संघाने मेक्सिकोला ३२-३० असे हरवले. साऱ्या स्पर्धेत ते हरले एकदाच, अमेरिकेकडून. पण हार झाली ती नेमकी बाद फेरीत, म्हणून त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. आणि त्यांनी हरवलेला मेक्सिको पोलंडला २६-१२ असे नमवून कांस्यपदक घेऊन गेला!

एकोणीस विरुद्ध आठ

जर्मनांना या खेळाची फारशी ओळख नव्हती. त्यांनी सामने ठेवले उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टांवर. १४ ऑगस्टला अंतिम सामना, आणि त्या दिवशी पावसाने झोड उठवली. त्याच दिवशी भारत आणि जर्मनी यांचा हॉकीचा अंतिम सामना होता. तो पावसामुळे दुसऱ्या दिवसावर गेला, आणि मग आपल्या वीरांनी जर्मनीचा ८-१ असा फडशा पाडला हे सर्वश्रुत आहे. बास्केटबॉलच्या नशिबी मात्र ही सवलत नव्हती.

समोरासमोर अमेरिका आणि कॅनडा. म्हणजे नायस्मिथांची एक जन्मभूमी, तर दुसरी १९२५ पासून रीतसर स्वीकारलेली कर्मभूमी. कोणासाठी टाळी वाजवावी?

माती चिखल झाली होती. चेंडू जमिनीवर आपटला की तिथेच फतकल मारून बसे. चेंडू उडवीत पुढे जाणे अशक्य, तेव्हा खेळाडू तो हातोहात फेकू लागले. ओले कातडे जड आणि निसरडे झालेले, पाय घसरताहेत. बसायला जागा नसल्याने सुमारे हजार प्रेक्षक उभ्यानेच भिजत होते. मध्यंतराला अमेरिका १५, कॅनडा ४. उत्तरार्धात तर दोन्ही संघांना मिळून आठच गुण करता आले, चार-चार. अखेर अमेरिका १९, कॅनडा ८. फोर्टनबेरीने एकट्याने कॅनडाच्या सबंध संघाइतके, म्हणजे आठ गुण केले.

अमेरिका, कॅनडा, मेक्सिको. तीन विजेत्यांना पदके देण्यासाठी हात पुढे झाला तो डॉ. नायस्मिथांचाच. आपला खेळ चिखलात रुतलेला त्यांनी पाहिला, पण तो रुतूनही थांबला नाही हेही पाहिले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, त्यांनी कॅन्ससमध्ये डोळे मिटले.

नंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपासून हा खेळ छपराखाली गेला. १९८० साली मॉस्कोत भारताचा पुरुष संघही ऑलिंपिकमध्ये खेळून आला. पॅरिसला २०२४ साली अमेरिकेने फ्रान्सला ९८-८७ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. कुठे ते एकोणीस आणि आठ!

बर्लिनच्या त्याच दिवसांत अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांना आपली कबड्डी करून दाखवली होती. तिला पुढे १९९० साली आशियाई स्पर्धेत स्थान मिळाले. ऑलिंपिकचे दार मात्र अजून उघडलेले नाही. खेळ रुजायला वेळ लागतो, हेच खरे.

शेवटी एक गोष्ट सांगून ही हकीकत पुरी करतो. नायस्मिथनी फळ्यावर टांगलेले ते तेरा नियमांचे मूळ कागद २०१० साली न्यूयॉर्कला लिलावात निघाले. किंमत आली सुमारे त्रेचाळीस लाख डॉलर! आणि ज्याने ते लिहिले, त्याच्या बोटीच्या भाड्यासाठी एक-एक सेंट गोळा करावा लागला होता. पण त्या एका सेंटमागे तिकीट काढणारा एक-एक माणूस होता, त्याच्या खेळावर जीव लावणारा. ही कमाई कुठल्या लिलावात मांडायची?