महागडे घड्याळ : हौस, गुंतवणूक की परिग्रह?

साखरपुड्याची यादी करायला घरातील मंडळी बसली की अलीकडे व्यापारी कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : जावयाला घड्याळ कोणते द्यायचे? पूर्वी याचे उत्तर काही हजारांत मिळत असे. आज ते लाखांच्या घरात जाते. पेढीवर नुकताच बसू लागलेला मुलगा म्हणतो, “हा खर्च नाही बाबा, गुंतवणूक आहे.” वडील म्हणतात, “वेळ तर मोबाईलही दाखवतो.” दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. म्हणून या खरेदीचा विचार व्यापाऱ्याच्या चोख नजरेने आणि श्रावकाच्या विवेकाने, असा दुहेरी व्हायला हवा.

किंमत नेमकी कशाची?

अचूक वेळेसाठी महाग घड्याळ लागत नाही, ही गोष्ट प्रथम स्पष्ट असावी. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि घड्याळांचे जग बदलले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. असे घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद मागेपुढे होते. याउलट स्वित्झर्लंडच्या अधिकृत क्रोनोमीटर चाचणीत यांत्रिक घड्याळाला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. म्हणजे दोन हजारांचे घड्याळ वेळेच्या बाबतीत दोन लाखांच्या घड्याळावर सहज मात करते.

मग लाखो रुपये जातात कशाला? काही भाग खऱ्या कारागिरीचा असतो. शंभराहून अधिक सूक्ष्म भाग, त्यांची जुळणी, हाताने केलेली झळाळी, उत्तम पोलाद किंवा सोने यांचे मोल त्यात असते. उरलेला भाग नावाचा, जाहिरातीचा, मुद्दाम मर्यादित ठेवलेल्या पुरवठ्याचा आणि करांचा. यांत्रिक घड्याळाचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल : त्याला बॅटरी लागत नाही आणि नीट निगा राखली तर ते पिढ्यानपिढ्या चालते. पण हा गुण महागड्या घड्याळाचीच मक्तेदारी नव्हे. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूच्या कारखान्यात घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीची चावीची घड्याळे आजही अनेक घरांच्या कपाटात आहेत आणि चावी दिली की टिकटिकू लागतात.

गुंतवणुकीचा हिशेब

काही मोजकी घड्याळे लिलावात अफाट किमतीला जातात, हे खरे. अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे एक कोटी सत्त्याहत्तर लाख डॉलरना विकले गेले. पण अशा एका बातमीमागे दुकानाबाहेर पडताक्षणी किंमत गमावणारी असंख्य घड्याळे असतात. नावाजलेल्या घड्याळांचे जुन्या बाजारातील भावसुद्धा २०२२ च्या सुरुवातीला शिखरावर पोहोचून पुढे बरेच घसरले.

व्यापाऱ्याने भांडवलाचे व्याज विसरू नये. आठ लाखांचे घड्याळ घेतले आणि तीच रक्कम सात टक्के चक्रवाढीने ठेवली असती, तर दहा वर्षांत ती पंधरा लाख सत्तर हजारांच्या पुढे गेली असती. घड्याळ व्याज देत नाही. उलट दर काही वर्षांनी सफाई-दुरुस्तीचा खर्च, विमा आणि चोरीची धास्ती मागते. विकायला गेले की विकत घेणारा आपला नफा कापूनच भाव सांगतो. ज्या मालाला ठरलेला गिऱ्हाईक नाही, त्याला कोणताही व्यापारी भरवशाचा साठा म्हणणार नाही.

शिवाय भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून त्यात स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे. घाई न करणाऱ्याचा यात तोटा नाही.

पट्टा आणि पावती

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली पट्ट्याची. अनेक महागड्या घड्याळांचा पट्टा मगरीच्या किंवा वासराच्या कातड्याचा असतो आणि तो प्रतिष्ठेचा समजला जातो. रात्रिभोजन टाळणाऱ्या घराने तो मनगटावर का बांधावा? धातूचा, कापडी किंवा रबरी पट्टा मागून घेता येतो. फक्त खरेदीपूर्वी विचारायला हवे.

दुसरी पावतीची. परदेशातून हातात बांधून आणले की शुल्क लागत नाही, हा समज चुकीचा आहे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे. एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर एक टक्का कर विक्रेता गोळा करतो. तो विवरणपत्रात जमा मिळतो, पण खरेदीची नोंद होते. राज्याचे नियम चुकवून केलेल्या व्यवहाराला ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणून अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत पूर्वीच स्थान दिले आहे. चोरवाटेने आलेले घड्याळ कितीही अचूक असले, तरी ते घरात चुकीची वेळच आणते.

देण्याघेण्याचे ओझे

सर्वांत गंभीर प्रश्न देण्याघेण्याचा आहे. एका श्रीमंत घराने जावयाला सहा लाखांचे घड्याळ दिले की समाजात तो नवा दर होतो. पुढच्या लग्नात मध्यम व्यवसायाचा बाप दुकानातले खेळते भांडवल काढून तोच दर पाळू पाहतो. मागणी कोणी केलेली नसते, पण नजर असते. ज्याला परवडते त्याने दुसऱ्याचाही विचार करावा, ही अपेक्षा येथेच लागू पडते. वरपक्षाने आधीच “घड्याळ नको” असे सांगितले, तर केवढे ओझे उतरते!

घ्यावे केव्हा?

परिग्रह-परिमाण व्रत वस्तूंचा तिरस्कार शिकवत नाही. मर्यादा आधी ठरवायला सांगते. उमास्वातींनी परिग्रहाचे मूळ वस्तूत नव्हे, आसक्तीत दाखवले आहे. म्हणून कसोटी सोपी आहे. घड्याळ हप्त्यांवर किंवा धंद्याच्या पैशातून घ्यावे लागत नसेल, दानधर्म आणि मुलांचे शिक्षण यांत काही कमी पडत नसेल, पावती स्वच्छ असेल, ते तिजोरीत न ठेवता रोज वापरायचे असेल आणि हरवले तरी झोप उडणार नसेल, तर कारागिरीच्या आवडीने एक घड्याळ घेण्यात गैर नाही. दुसऱ्या घड्याळाची ओढ लागली, की व्रताची वही उघडावी.

महात्मा गांधींचे खिशातले घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एकत्रितपणे अठरा लाख डॉलरना गेली. ते मोल यंत्राचे नव्हते. एकेक मिनिट सार्थकी लावणाऱ्या माणसाचे होते.

‘घड्याळ’ हा शब्द ‘घटी’शी नाते सांगतो. एक घटी म्हणजे चोवीस मिनिटे आणि दोन घटींचे एक सामायिक. ती अठ्ठेचाळीस मिनिटे दोन हजारांच्या घड्याळात कमी भरत नाहीत आणि वीस लाखांच्या घड्याळात जास्त.